पंचाण्णव प्रश्न आणि एक वक्र

ग्राफिंग कॅल्क्युलेटर पहिल्यांदा हाती घेणाऱ्याला धास्ती वाटते ती त्याच्या कळांची. एकेका कळेवर दोन-तीन कामे लादलेली असतात, मेनूच्या पोटात आणखी मेनू असतात, आणि नेमके हवे ते कुठे दडले आहे हे शोधण्यातच पहिले काही दिवस जातात. ही धास्ती लवकर जाते, कारण बोटांना सवय होते. मात्र एक गैरसमज वर्षानुवर्षे टिकून राहतो आणि तो केवळ विद्यार्थ्यांमध्येच आढळतो असेही नाही. पडद्यावर उमटलेली आकृती म्हणजेच आपण दिलेल्या फलाचा (फंक्शनचा) आलेख, असा हा समज आहे. हे यंत्र नीट वापरता येण्यासाठी सगळ्यात आधी हा समज सोडावा लागतो, असे माझे ठाम मत आहे.

किरकोळ अडचणी आधी सांगून टाकतो. बहुतेक ग्राफिंग कॅल्क्युलेटरांवर वजाबाकीची कळ आणि ऋण चिन्हाची कळ वेगवेगळी असते, आणि एकीच्या जागी दुसरी दाबली की यंत्र चूक दाखवते. −३² असे लिहिले तर उत्तर −९ येते आणि ते बरोबरच आहे, कारण वर्ग आधी होतो आणि ऋण चिन्ह नंतर लागते. ९ हवे असतील तर कंस घालावा लागतो. कोन अंशांत मोजायचा की रेडियनमध्ये हेही आपणच ठरवायचे असते. यंत्र अंशांवर असताना साइन(क्ष) काढायला सांगितले, तर नेहमीच्या −१० ते १० या पल्ल्यात लाट दिसतच नाही. १० अंशांची साइन जेमतेम ०.१७ असल्यामुळे वक्र क्ष-अक्षाला जवळजवळ चिकटून जातो आणि यंत्र बिघडले की काय अशी शंका येते.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. बाजारात आलेला पहिला ग्राफिंग कॅल्क्युलेटर म्हणजे १९८५ सालचा कॅसिओ कंपनीचा एफएक्स-७०००जी. त्याच्या पडद्यावर आडवे ९६ आणि उभे ६४ ठिपके होते, आणि प्रोग्रॅम साठवण्यासाठी ४२२ बाइट एवढीच जागा होती. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-८४ प्लस २००४ साली आला तेव्हाही पडदा ९६ बाय ६४ ठिपक्यांचाच होता आणि त्यांपैकी ९५ बाय ६३ ठिपके आलेखासाठी वापरले जात. पुढची सगळी उदाहरणे मी याच पडद्यावरची घेणार आहे, कारण तिथे आकडे लहान आहेत आणि यंत्राचे वागणे बोटावर मोजून तपासता येते.

आलेख काढण्याची रीत अशी असते. पडद्यावर ९५ उभे स्तंभ आहेत, म्हणजे त्यांच्यामध्ये ९४ अंतरे आहेत. आपण विंडो, म्हणजे पडद्यावर दाखवायचा पल्ला, −१० ते १० ठेवली असेल, तर यंत्र २० ला ९४ ने भागते आणि ०.२१२७६६ हे पाऊल मिळवते. पहिल्या स्तंभासाठी क्ष = −१०, दुसऱ्यासाठी त्यात एक पाऊल मिळवलेली किंमत, असे करत ते प्रत्येक स्तंभाची क्ष ठरवते, ती सूत्रात घालते, आलेली य-किंमत जवळच्या ठिपक्यापर्यंत पूर्णांकित करते आणि तो ठिपका काळा करते. शेवटी शेजारशेजारचे ठिपके सरळ रेघेने जोडते. फल सलग आहे की तुटक आहे, मध्येच ते अनंताकडे धावते की काय, याची यंत्राला काहीही जाणीव नसते. त्याने त्या फलाला ९५ प्रश्न विचारलेले असतात आणि ९५ उत्तरे मिळालेली असतात. दोन प्रश्नांच्या मधल्या जागेत काय घडले, हे त्याने विचारलेलेच नसते.

याचा पुरावा हातात धरून पाहता येतो. य = १ ÷ (क्ष − १) हे फल −१० ते १० या विंडोत काढावे आणि वक्रावरच्या ठिपक्याची क्ष आणि य दाखवणारी ट्रेसची कळ दाबून उजवीकडच्या बाणाने एकेक पाऊल पुढे जावे. क्ष शून्यापासून सुरू होते, मग ०.२१२७६५९६, ०.४२५५३१९१, ०.६३८२९७८७, ०.८५१०६३८३, आणि पाचव्या वेळी बाण दाबला की १.०६३८२९८. क्ष = १ आलेच नाही, यंत्र त्यावरून उडी मारून पलीकडे गेले. उडीच्या अलीकडे य-किंमत सुमारे −६.७१ होती आणि पलीकडे ती १५.६७ झाली. वास्तवात अलीकडची शाखा खाली अनंताकडे गेली आहे, पलीकडची वरून अनंतातून उतरली आहे, आणि दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही. यंत्राने मात्र ही दोन उत्तरे निमूटपणे जोडली, आणि पडद्यावर एक उभी रेघ उमटली. पुष्कळ जण तिला अनंतस्पर्शी रेषा, म्हणजे वक्र जिच्या सतत जवळ जातो ती रेषा, समजतात आणि यंत्राने ती मुद्दाम काढून दिली असे मानतात. खरे पाहता ती पूर्ण उभीसुद्धा नाही, कारण तिचे खालचे टोक एका स्तंभात आहे आणि वरचे टोक शेजारच्या स्तंभात. काही नव्या यंत्रांत अनंतस्पर्शी रेषा ओळखून अशी जोडणी टाळण्याची सोय दिलेली असते. मग आलेख थोडा सावकाश निघतो, पण ती खोटी रेघ जाते.

याच यंत्रात दशमान विंडो म्हणून एक तयार पर्याय आहे. त्यात क्ष −४.७ ते ४.७ असते. हे आकडे विचित्र दिसतात, पण ९.४ ला ९४ ने भागले की पाऊल बरोबर ०.१ येते. आता क्ष = १ हा प्रश्न विचारला जातो, भागाकार अशक्य ठरतो, त्या स्तंभात ठिपका पडत नाही आणि दोन शाखा वेगळ्या राहतात. (क्ष² − १) ÷ (क्ष − १) या फलाची सरळ रेघ या विंडोत पाहिली, तर क्ष = १ पाशी तिच्यात एकाच ठिपक्याचे छिद्र दिसते; −१० ते १० मध्ये परत गेलो की छिद्र बुजते. फल तेच आहे, बदलले आहेत ते आपण विचारलेले प्रश्न. बीजगणित करू शकणारे प्रगत कॅल्क्युलेटर १९८७ च्या एचपी-२८सी पासून मिळू लागले, पण त्यांतले अनेक हे सूत्र सोपे करून क्ष + १ असे लिहितात, आणि छिद्र तिथेही नाहीसे होते.

आता मला ज्याचे सर्वांत जास्त कौतुक आहे त्या गोष्टीकडे वळतो. यंत्र रेडियनवर ठेवावे, क्षची विंडो ० पासून पाय या संख्येच्या दुपटीपर्यंत, म्हणजे ० ते ६.२८३ ठेवावी, यची −१.५ ते १.५ पुरेशी आहे. मग साइन(क्ष) काढावे. एक डौलदार लाट दिसेल. नंतर त्याच पडद्यावर साइन(९५क्ष) काढावे. या दुसऱ्या फलाच्या त्याच जागेत ९५ लाटा आहेत, तेव्हा पडदा काळ्या रेघांनी भरून जाईल अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात काहीच बदलत नाही. दुसरा वक्र पहिल्यावर ठिपक्याला ठिपका लावून बसतो. साइन(९३क्ष) काढले तर तीच लाट उलटी होऊन येते, आणि साइन(९४क्ष) काढले तर क्ष-अक्षावर सपाट रेघ पडते.

हे का होते ते घड्याळावरून समजेल. एका खोलीत घड्याळ आहे आणि त्याचा फक्त मिनिटकाटा आपल्याला दिसतो. आपण बरोबर ६० मिनिटांनी दर वेळी डोकावून पाहिले, तर काटा प्रत्येक वेळी त्याच जागी असेल आणि घड्याळ बंद आहे असे वाटेल. ६१ मिनिटांनी डोकावलो तर काटा दर वेळी एकाच मिनिटाने पुढे सरकलेला दिसेल, म्हणजे घड्याळ अतिशय संथ आहे असे वाटेल. ५९ मिनिटांनी डोकावलो तर काटा उलटा फिरताना दिसेल. घड्याळ तिन्ही वेळा नीटच चालले आहे. मधले पूर्ण फेरे आपण पाहिलेले नाहीत, एवढेच. साइन(९५क्ष) मध्ये एका स्तंभावरून दुसऱ्यावर जाताना कोन एक पूर्ण फेरा अधिक फेऱ्याचा चौऱ्याण्णवावा भाग एवढा वाढतो. पूर्ण फेऱ्याने साइनची किंमत बदलत नाही, म्हणून उरतो तो फक्त चौऱ्याण्णवावा भाग, आणि तेवढेच पाऊल साइन(क्ष) मध्येही असते. चित्रपटात धावत्या गाडीचे चाक उलटे फिरताना दिसते त्याचेही कारण हेच.

याहून सुंदर उदाहरण साइन(४६क्ष) चे आहे. इथे दोन स्तंभांमध्ये कोन अर्ध्या फेऱ्याहून किंचित कमी वाढतो. अर्धा फेरा झाला की साइनचे चिन्ह उलटते, त्यामुळे स्तंभागणिक ठिपका वर, खाली, वर, खाली असा नाचतो; आणि जे ‘किंचित कमी’ आहे ते दर पावलाला फेऱ्याचा चौऱ्याण्णवावा भाग असल्यामुळे या नाचाची उंची साइन(क्ष) च्या मापाने वाढते आणि घटते. सूत्रात सांगायचे तर ‘ज’व्या स्तंभात (पहिल्या स्तंभाला शून्यावा धरून) साइन(४६क्ष) ची किंमत साइन(क्ष) एवढीच असते, फक्त ज सम असताना तिचे चिन्ह उलटे आणि विषम असताना सुलटे. पडद्यावर मध्ये आवळलेले दोन फुगीर पट्टे दिसतात. कुणालाही वाटेल की इथे दोन लहरी मिसळून ठोके पडत आहेत, म्हणजे लाटेची उंची आळीपाळीने वाढते-घटते आहे. मूळ फलात मात्र प्रत्येक लाट सारख्याच उंचीची आहे.

अमेरिकी गणिती क्लॉड शॅनन यांनी १९४९ सालच्या आपल्या शोधनिबंधात मांडलेल्या प्रमेयाचा इथे थेट संबंध आहे. लाट ओळखायची असेल तर तिच्या एका आवर्तनात दोनांहून अधिक नमुने घ्यावे लागतात. ९४ पावलांच्या पडद्यावर ४७ लाटांच्या पलीकडे काहीही खरे दिसणे शक्यच नाही, आणि रेघा जोडून वक्र काढायचा असल्यामुळे डोळ्याला विश्वासार्ह चित्र त्याच्याही बरेच अलीकडे संपते. रंगीत पडद्यांमुळे हा प्रश्न सुटला असे सांगितले जाते, ते बरोबर नाही. टीआय-८४ प्लस सीई या रंगीत यंत्राचा पडदा ३२० बाय २४० ठिपक्यांचा असून त्यात आलेखासाठी २६५ स्तंभ आहेत. तिथे साइन(२६५क्ष) काढावे, साइन(क्ष) दिसेल.

अशा आकृतींवरून होणाऱ्या गाजावाजाबद्दल थोडे बोलणे भाग आहे. मोठ्या सहगुणकांची त्रिकोणमितीय सूत्रे पडद्यावर टाकली की वर्तुळांची, जाळ्यांची, फुलांची मोहक नक्षी उमटते, आणि तिच्यात विश्वाचे गूढ दडले आहे असे श्रद्धेने सांगणारे भेटतात. ती नक्षी सूत्राची नसून सूत्र आणि पडद्याचे ठिपके यांच्या गाठीभेटीची असते. पडदा बदलला की नक्षी बदलते. आलेख काढण्याच्या पद्धतींवर काम केलेल्या जेफ टपर यांचे ‘स्वतःचेच चित्र काढणारे सूत्र’ असेच चमत्कार म्हणून फिरवले जाते. वास्तविक ते चित्र पाचशेहून अधिक अंकांच्या एका संख्येत आधीच ठिपक्याठिपक्याने साठवलेले असते आणि सूत्र ते फक्त उलगडते; दुसरी संख्या दिली तर तेच सूत्र दुसरे चित्र दाखवते. टपर यांचे खरे काम याहून फार मोलाचे आहे. २००१ साली त्यांनी असंभाव्य वाटणारी गोष्ट करून दाखवली: ठिपक्याच्या एका बिंदूवर किंमत न काढता त्या ठिपक्याने व्यापलेल्या संपूर्ण अंतरालावर गणित करायचे, आणि वक्र तिथून जाऊच शकत नाही असे सिद्ध झाले तरच तो ठिपका कोरा ठेवायचा. ही पद्धत वेळखाऊ आहे, पण ती दोन प्रश्नांच्या मधली जागा विसरत नाही.

प्रश्न मोजकेच विचारण्याची ही खोड आलेखापुरती मर्यादित नाही. यंत्राची अवकलजाची, म्हणजे वक्राचा उतार काढणारी, कळ बिंदूच्या दोन्ही बाजूंना ०.००१ अंतरावर किंमती घेऊन त्यांच्यातील फरकाला ०.००२ ने भागते. त्यामुळे क्षच्या केवलमूल्याचा शून्यापाशी अवकलज विचारला तर शून्य असे उत्तर येते, आणि १ ÷ क्ष चा शून्यापाशी विचारला तर १०,००,००० येते. दोन्ही ठिकाणी अवकलज अस्तित्वातच नाही.

म्हणून नव्या यंत्राशी ओळख करून घेताना मी आधी विंडोची पाने उघडायला सांगतो आणि मगच सूत्रांची. वर्तुळ लंबगोल दिसते तेव्हा −१० ते १० मध्ये आडवे एक एकक ४.७ ठिपक्यांचे आणि उभे ३.१ ठिपक्यांचे आहे हे मोजून पाहावे. य = क्ष³ − ०.०१क्ष ही रेघ मध्यावर सपाट दिसली तर तिथे तीन मुळे आहेत की एक, हे विंडो लहान केल्याशिवाय बोलू नये. आणि साइन(क्ष) व साइन(९५क्ष) हे दोन्ही वक्र एकावर एक बसलेले असताना विंडोचे उजवे टोक ६.२८३ वरून ६ वर आणावे. दोघे ताबडतोब वेगळे होतात. दुसरा सव्वातीन लाटांचा होतो, आणि त्याही खोट्याच असतात, कारण तेवढ्या जागेत त्याच्या नव्वदहून अधिक लाटा आहेत. मग उजवे टोक ०.३ वर आणावे. आता पडद्यावर साडेचार लाटा दिसतात, प्रत्येकीच्या वाट्याला वीसेक स्तंभ आलेले असतात, आणि साइन(९५क्ष) पहिल्यांदाच स्वतःच्या रूपात समोर येते.