यंत्रनोंदित अलिंद तंतुकंपन

पेसमेकर, आयसीडी (घातक अतालता विजेच्या झटक्याने थांबवणारे यंत्र) यांसारख्या रोपित हृदययंत्राच्या स्मृतीत नोंदला गेलेला, पण रुग्णाला सहसा न जाणवलेला आणि साध्या ईसीजीवर पूर्वी न सापडलेला अलिंदाचा (हृदयाच्या वरच्या कप्प्याचा) अतिजलद, विस्कळीत ताल. अलिंदात तार असलेल्या यंत्रातच अशी नोंद नेमकेपणाने मिळते.

माणसाच्या शरीरात पूर्णपणे रोपण केलेला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोम येथे बसवला गेला. शल्यचिकित्सक ओके सेनिंग आणि अभियंता रूने एल्मक्विस्ट यांचे ते यंत्र काही तासांतच बंद पडले. ठोका देणे एवढेच त्याचे काम होते. झालेल्या ठोक्यांची टिपणे ठेवणारी यंत्रे पुढे आली. अलिंद व निलय (हृदयाचा खालचा कप्पा) या दोन्हींत तारा असलेल्या दुकक्षी पेसमेकरमध्ये अलिंद बेभान धावू लागले की निलयाने त्याच्यामागे धावू नये म्हणून यंत्र आपली रीत बदलते. हा बदल किती वेळा झाला याची मोजणी ही या विकाराची सुरुवातीची ढोबळ खूण होती.

तंतुकंपनाचा किती मिनिटांचा झटका मोजायचा, हा या विषयातला खरा वाद. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मोस्ट’ चाचणीच्या उपअभ्यासात पाच मिनिटांची मर्यादा होती, तर २०१२ च्या ‘अॅसर्ट’ अभ्यासात मिनिटाला १९० हून अधिक गती आणि सहा मिनिटांहून अधिक काळ. या आकड्यांमागे शरीरक्रियेपेक्षा खोट्या नोंदी गाळण्याची सोय अधिक दिसते. अलिंदातील तारेला शेजारच्या निलयाची मोठी विद्युत्‌लाटही ‘ऐकू’ येते. हृदय मिनिटाला १०० वेळा नीट ठोके देत असताना ती लाट मोजली गेली, तर यंत्र २०० लिहून मोकळे होते. यंत्राने टिपलेल्या विद्युत्‌लाटांची छापील पट्टी पाहिली की चूक उघड होते: एक लांब, एक आखूड असे अंतर शिस्तीत आलटून पालटून येते. खऱ्या तंतुकंपनात बारीक, दातेरी लाटांना असा क्रम नसतो. ‘अॅसर्ट’मधील सहा मिनिटांच्या निकषावर सुमारे १७ टक्के नोंदी खोट्या निघाल्या. म्हणून केवळ यंत्राच्या गोषवाऱ्यावरून निदान करू नये. मूळ पट्टी वाचावी.

‘अॅसर्ट’मध्ये ६५ वर्षे व त्यावरील, उच्च रक्तदाब असलेले २,५८० रुग्ण होते. पहिल्या तीन महिन्यांत सुमारे १० टक्क्यांत असे झटके आढळले आणि त्यांच्यात रक्तगुठळीमुळे होणाऱ्या पक्षाघाताचा व अन्य अवयवांतील गुठळीचा धोका जवळजवळ अडीचपट दिसला. मात्र त्याच माहितीच्या नंतरच्या विश्लेषणात वाढीव धोका मुख्यतः २४ तासांहून लांब झटक्यांशी निगडित निघाला. शिवाय पक्षाघात झालेल्यांपैकी फारच थोड्यांत आदल्या महिनाभरात झटका नोंदला गेला होता. त्यामुळे छोटा झटका हा गुठळीचे थेट कारण नसून आजारी अलिंदाची खूण असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. गुठळी अलिंदात होऊ शकते हे मात्र त्यामुळे खोटे ठरत नाही.

उपचाराबाबत २०२३ मध्ये दोन मोठ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. ‘नोआ’मध्ये एडोक्साबान या रक्त गोठणे रोखणाऱ्या औषधाने लक्षणीय फायदा दिसला नाही, रक्तस्राव वाढला आणि चाचणी मुदतीपूर्वी थांबवली गेली. ‘आर्टेसिया’त ४,०१२ रुग्णांत त्याच गटातील अॅपिक्साबानची तुलना अॅस्पिरिनशी केली, पक्षाघात व गुठळीचे प्रमाण दर वर्षी १.२४ टक्क्यांवरून ०.७८ टक्क्यांवर आले, पण मोठे रक्तस्राव वाढले. दोन्ही निष्कर्ष वरवर विरोधी भासतात. एकत्र वाचता पक्षाघात कमी होतो, परंतु मूळ धोकाच लहान असल्याने फायदाही बेताचा राहतो, असे दिसते. वय, मधुमेह, रक्तदाब, हृदय निकामी होणे आणि पूर्वीचा पक्षाघात यांचे गुण मांडून, रक्तस्रावाची शक्यता तोलून औषध ठरवतात. पूर्वी पक्षाघात झालेल्यांत औषधाकडे कल अधिक असतो.

आयसीडीधारकांत आणखी एक अडचण संभवते. अलिंदाच्या या धावपळीने निलयही जलद धडकू लागले, तर यंत्र त्याला प्राणघातक निलय-अतालता समजून अकारण विजेचा झटका देऊ शकते. यंत्राने उजव्या निलयाला सतत ठोके देत राहिल्याने हृदयाची आकुंचनशक्ती घटू शकते आणि तंतुकंपनाची शक्यताही वाढते. म्हणून शक्य तिथे यंत्राची जुळणी अनावश्यक ठोके टाळेल अशी ठेवतात.