स्लोपवाला रेंजफाइंडर स्पर्धेत चालतो

‘स्लोप असलेला रेंजफाइंडर घेऊ नका, स्पर्धेत बाद व्हाल,’ हा सल्ला नवख्या गोल्फरला हमखास मिळतो. रेंजफाइंडर म्हणजे लक्ष्यापर्यंतचं अंतर मोजणारं यंत्र आणि स्लोप म्हणजे त्यातलं चढ-उतार धरून अंतर सांगणारं फीचर. एके काळी हा सल्ला बरोबर होता. 2016 पूर्वी हे फीचर यंत्रात नुसतं असलं, तरी नियमभंग ठरायचा. त्या वर्षापासून मात्र प्रत्यक्ष वापर केला तरच दंड होतो. 2019 पासून तर, स्थानिक नियमाने बंदी नसेल तर, अंतर मोजायला सरसकट परवानगी आहे.

म्हणजे स्लोपवाला घ्या, फक्त तो बंद करता यायला हवा. बऱ्याच मॉडेलांवर बाजूला त्यासाठी सरकतं बटण असतं. दुकानात तेवढं सरकवून बघाच. स्लोप चालू असेल तर ग्रीन (होलभोवतीची हिरवळ) चढावर असताना पडद्यावर 150 यार्डांशेजारी 158 असा दुसरा आकडा दिसतो. स्पर्धेत तो दिसता कामा नये. स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजायच्या प्रकारात, पहिल्या चुकीला दोन फटक्यांचा दंड, दुसऱ्यांदा झाली की थेट बाद!

सरावात मात्र स्लोप जरूर वापरा. चढावर किती यार्ड वाढवायचे, याचा अंदाज त्यानेच पक्का होतो.