जुनी शर्यतीची गाडी आणि आजची सेडान: चालवण्यापूर्वी समजून घ्यावयाचे फरक

आमच्या कार्यशाळेत जुनी शर्यतीची गाडी देखभालीसाठी आणणारे ग्राहक बहुधा रोज सेडान चालवतात आणि तिच्याच सवयी जुन्या गाडीवर लागू करतात. त्यातून होणारे नुकसान टळावे, यासाठी १९२८ साली ल मां येथील २४ तासांची शर्यत जिंकणारी बेंटली साडेचार लिटर आणि आजची पेट्रोलवरील होंडा सिटी यांचे उदाहरण येथे घेतले आहे.

बेंटलीचे चार सिलिंडरांचे इंजिन ४,३९८ सीसीचे असून ते सुमारे ११० अश्वशक्ती देते, तर सिटीचे १,४९८ सीसीचे इंजिन सुमारे १२० अश्वशक्ती देते. बेंटलीची रचना मागासलेली मुळीच नव्हती. सिटीप्रमाणे तिच्याही प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह होते, शिवाय दोन स्पार्क प्लगही होते. मात्र तिचे जड पिस्टन १४० मिलिमीटरचा लांब पल्ला गाठतात, त्यामुळे पूर्ण शक्ती मिनिटाला सुमारे ३,५०० फेऱ्यांवरच मिळते, आणि सिटीप्रमाणे ६,००० च्या पुढे नेल्यास असे इंजिन मोडेल.

बेंटलीचे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण दाबले जाण्याचे प्रमाण, साधारण ५:१ इतकेच असल्याने महागड्या, जास्त ऑक्टेनच्या (दाबाखाली अवेळी पेट न घेणाऱ्या) पेट्रोलचा तिला काहीही लाभ होत नाही. खरी काळजी इथेनॉलची घ्यावी लागते. वीस टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलवर सेडानचा संगणक ऑक्सिजन सेन्सरच्या साहाय्याने हवा आणि इंधनाचे मिश्रण आपोआप सुधारतो; बेंटलीत हे मिश्रण तयार करणाऱ्या यांत्रिक कार्बोरेटरला ते शक्य नसते, त्यामुळे मिश्रण पातळ (हवेच्या मानाने इंधन कमी) होऊन इंजिन जास्त तापू शकते. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेते आणि जुन्या रबराचे व कॉर्कचे भाग खराब करते. म्हणून गाडी दीर्घकाळ उभी ठेवायची असल्यास टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून घ्यावेत, असा आमचा आग्रह आहे.

चालवताना सर्वांत धोकादायक फरक पायाखाली असतो. बेंटलीच्या मूळ रचनेत ॲक्सिलरेटर मधोमध आणि ब्रेक उजवीकडे आहे. घाईच्या क्षणी सेडानची सवय असलेला पाय ब्रेक समजून ॲक्सिलरेटरच दाबतो. ब्रेकही केवळ दांड्यांनी ओढले जाणारे ड्रम ब्रेक असून, हायड्रॉलिक (द्रवाचा) दाब किंवा चाके जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा यांची जोड नसल्याने पुढच्या गाडीपासून सेडानपेक्षा बरेच जास्त अंतर राखावे लागते. गिअर सिंक्रोमेशविना (दात्यांचा वेग आपोआप जुळवणाऱ्या यंत्रणेविना) असल्याने उतरते गिअर टाकताना डबल क्लच मारणे, म्हणजे न्यूट्रलमध्ये क्लच सोडून इंजिनाचा वेग वाढवून पुन्हा क्लच दाबणे, अनिवार्य आहे. तसे न केल्यास दाते झिजतात, आणि ते नव्याने बनवून घेणे हे आमच्याकडील सर्वांत खर्चिक कामांपैकी एक आहे.

पेडलांची मूळ रचना बदलून घेण्याची विनंती अनेकदा होते. गाडीचे मूळपण जपावे असे आम्हांस मनापासून वाटते, तथापि दोन्ही गाड्या आलटूनपालटून चालवणाऱ्यांसाठी आम्ही पुन्हा मूळ स्थितीत आणता येईल असाच बदल करून देतो. गाडी ताब्यात घेताना आमच्या मिस्त्रींसोबत मोकळ्या मैदानावर सराव अवश्य करावा. त्यासाठी वेगळे शुल्क आकारले जात नाही.