री-डॉट-सबला मजकूर द्यायचा की फंक्शन?

कोल्हापूरच्या मार्केट यार्डातल्या एखाद्या अडत दुकानाची गूळ आवकेची यादी घ्या. ओळीओळीत ‘१२ रवे’, ‘७ रवे’. रवा (गुळाची ढेप) ३० किलोचा धरून रव्यांच्या जागी किलो लिहायचे आहेत. पायथनचं री-डॉट-सब (re.sub) हेच करतं: रेजेक्सशी, म्हणजे तुम्ही दिलेल्या नमुन्याशी, जुळलेला प्रत्येक भाग (मॅच) काढून तिथे दुसरा मजकूर बसवतं. जावास्क्रिप्टमध्ये हेच काम रिप्लेस करतं. आकड्याचा ग्रुप करणं, म्हणजे नमुन्यात तो कंसात घालून वेगळा धरणं, तुम्हाला येतंच. पायथनमध्ये तो बॅकस्लॅश-एकनं मिळतो (स्ट्रिंगच्या आधी ‘आर’ लावा, म्हणजे बॅकस्लॅश जसाच्या तसा राहतो), जावास्क्रिप्टमध्ये डॉलर-एकनं. हा फरक पाठ होतो, त्यावर वेळ घालवू नका.

घोळ पुढे आहे. बदली मजकूर म्हणून पोरं लिहितात: ‘बॅकस्लॅश-एक’ गुणिले ३०. एरर येत नाही. ३६० ऐवजी १२१२१२… असा १२ तीस वेळा छापला जातो आणि ‘रेजेक्स चुकतंय’ अशी ओरड सुरू होते. हे ऐकून मला खरंच वाईट वाटतं, कारण रेजेक्सनं तेव्हा कामाला हातही लावलेला नसतो.

गुणाकार आधी होतो. त्या क्षणी १२ कुठेच नसतो. असतात फक्त दोन अक्षरं, बॅकस्लॅश आणि एक. ती तीस वेळा जोडली जातात, मग सबकडे जातात आणि प्रत्येक जोडीच्या जागी १२ बसतो. जावास्क्रिप्टमध्ये ‘डॉलर-एक’ला ३० नं गुणलं तर यादीभर ‘नॅन’ (NaN, म्हणजे ‘हा आकडाच नाही’) उमटतो. अपरकेसचंही, म्हणजे मोठी अक्षरं करण्याचंही, तेच. ‘डॉलर-एक’ला अपरकेस केलं तरी तो ‘डॉलर-एक’च राहतो आणि बारीक अक्षरांतली एमएच ०९ ची नंबरप्लेट बारीकच.

फंक्शन मात्र सबच्या स्वाधीन करायचं असतं. पुढे कंस लावून आपणच चालवायचं नाही. प्रत्येक मॅच सापडली की सब ते बोलावतो आणि मॅच हातात देतो. आता १२ खरा आहे. इंट (पूर्णांक) करा, ३० नं गुणा, स्ट्रिंग करून परत द्या. देवनागरी १२ सुद्धा पायथनच्या इंटला कळतो. उत्तर मात्र इंग्रजी अंकांत येतं.

तारखेतले दिवस-महिने अदलाबदल करण्यापुरता मजकूर पुरतो. हिशोब आला की फंक्शनच. बाहेरून आलेला मजकूर बसवतानाही मी फंक्शनच वापरतो, कारण त्यानं परत दिलेल्या बॅकस्लॅशचा किंवा डॉलरचा पुन्हा वेगळा अर्थ लावला जात नाही.