सह्याद्रीच्या आडव्या पट्ट्यांमागचं प्रकरण

पावसाळा सरला की माळशेज नाहीतर वरंध घाटात थांबून समोरचा डोंगर बघा, आडवे पट्टे दिसतात, काळा कडा, त्याखाली गवताचा उतार, परत कडा, परत उतार. यातला प्रत्येक थर लाव्हाचा, आणि प्रकरण साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचं. शंकूसारखा ज्वालामुखी शोधत बसू नका, जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यातून पातळ लाव्हा वाहत पसरला, गार झाला, मग बराच काळ शांतता, मग परत तेच. महाबळेश्वरच्या बाजूला ही थप्पी हजार मीटरच्या वर जाते.

थरातला घट्ट कातळ टिकतो म्हणून कडा उभा राहतो, आणि बुडबुड्यांच्या भोकांचा ठिसूळ भाग झिजून उतार होतो. जिओलॉजी वगैरे नंतर आलं हो, किल्ले बांधणाऱ्यांनी हे आधीच हेरलं होतं, निम्मी तटबंदी डोंगरानेच फुकटात दिलेली! अजिंठा-वेरूळची लेणीही याच थरांत कोरलेली.

कागदावर हे आणणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत कंपनी सरकारच्या लष्करातला कर्नल साइक्स. दख्खनची आकडेवारी गोळा करायला फिरत होता, आणि १८३० च्या दशकात त्याने इथल्या खडकांवर सविस्तर लिहिलं. पुढे १८५१ मध्ये जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया सुरू झाला आणि थर मोजायचं काम रीतसर चालू झालं.

खरी गंमत १९८० नंतरची. लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ या अमेरिकन शास्त्रज्ञ बापलेकांनी डायनोसॉर उल्कापातात गेले असं मांडलं, तर दुसरी पार्टी म्हणाली की आमचा संशय दख्खनच्या लाव्हावर. भांडण मिटवायला अचूक तारखा हव्यात, त्या झिरकॉन नावाच्या खनिजाच्या कणांवरून काढता येतात, पण बेसॉल्टमध्ये, म्हणजे लाव्हा गार होऊन झालेल्या या काळ्या खडकात, झिरकॉन सहसा सापडत नाही. सापडला कुठे, तर दोन थरांमधल्या, येताजाता दिसणाऱ्या त्या लाल मातीच्या पट्ट्यांत, तिथे मिसळलेल्या राखेत! त्यावरून अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या टीमने २०१५ मध्ये सांगितलं की बहुतेक लाव्हा साधारण साडेसात लाख वर्षांच्या काळात ओतला गेला. वाटलं मिटलं, पण २०१९ मध्ये दोन टीमचे पेपर ‘सायन्स’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात आले, एक म्हणते उल्केच्या जरा आधी मोठा उद्रेक झाला, दुसरी म्हणते बराचसा लाव्हा उल्केनंतरचा, आणि दोघांचे नमुने याच घाटांतले.