मुस्लिम वस्तीत आरोग्य संशोधन करायचंय? एथिक्स कमिटीच्या मंजुरीसाठी काय लागतं

मालेगाव, भिवंडी किंवा मुंब्र्यात प्रबंधासाठी सर्वेक्षण करणाऱ्या विद्यार्थ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो: "जमातीच्या सदर साहेबांनी (स्थानिक मुस्लिम समाजाच्या अध्यक्षांनी) परवानगी दिली आहे, मग एथिक्स कमिटीकडे, म्हणजे संशोधनात सहभागींचं हित जपलं जातं का हे तपासणाऱ्या समितीकडे, जायलाच हवं का?" जायलाच हवं, आणि पहिली प्रश्नावली भरून घेण्याआधी. काम उरकल्यावर मागच्या तारखेने मंजुरी मिळत नाही.

नियमांचा आधार म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची (आयसीएमआर) 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं आणि औषध चाचण्यांसाठी 2019 चे 'नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचणी नियम'. अर्ज संशोधकाच्या नावाने जातो, विद्यार्थी असाल तर मार्गदर्शकाच्या सहीसह. कॉलेजची स्वतःची कमिटी नसेल तर दुसऱ्या संस्थेच्या नोंदणीकृत कमिटीकडे अर्ज करता येतो. मात्र त्या संस्थेशी आधी करार करावा लागतो.

अर्जासोबत संशोधन आराखडा, प्रश्नावली, संशोधकांची माहिती, खर्च आणि निधीचा तपशील, संस्थेचं पत्र, सहभागी माहितीपत्रक आणि संमतीपत्र जोडा. औषध चाचणी असेल तर विमा हवा, आणि पहिला सहभागी घेण्याआधी सीटीआरआयवर (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या ऑनलाइन नोंदवहीत) नोंदणीही. परदेशी संस्था सोबत असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीबद्दल आधीच चौकशी करून ठेवा.

खरा वेळ संमतीपत्रावर घालवा. मुस्लिम म्हटलं की उर्दू, असं धरून चालू नका. मालेगावात उर्दू चालेल, पण रत्नागिरीच्या कोकणी मुस्लिम घरात मराठी-कोकणी लागेल आणि बोहरा कुटुंबात गुजराती. भाषांतर दुसऱ्या कुणाकडून परत मूळ भाषेत करून घ्या आणि मूळ मजकुराशी ताडून पाहा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार बसवा. तो सगळं ऐकतो आणि अंगठ्याशेजारी सही करतो.

नवऱ्याची, सासऱ्याची किंवा इमाम साहेबांची परवानगी ही त्या बाईची संमती नव्हे. घरच्यांशी अदबीने बोला, मशिदीच्या कमिटीलाही विश्वासात घ्या, पण होकार तिने स्वतः, एकांतात, बाई कार्यकर्तीसमोर द्यायला हवा. जुम्म्याच्या नमाजनंतर माइकवरून "सगळ्यांनी भाग घ्या" असं सांगितलं की नकार देणं अवघड होतं. आराखड्यात असं काही लिहिलं असेल तर काढून टाका. नव्या रासायनिक घटकाच्या (आधी औषध म्हणून मंजूर नसलेल्या रसायनाच्या) चाचणीत असुरक्षित गटातील, म्हणजे ज्यांच्यावर सहज दबाव येऊ शकतो अशा, सहभागींच्या संमतीचं चित्रीकरण बंधनकारक असतं. पडदा पाळणाऱ्या बाईला ते आधी सांगायला हवं: कॅमेरा कोण धरणार, फीत कुठे राहणार, कोण पाहणार.

औषधात किंवा कॅप्सूलच्या आवरणात डुकरापासून मिळवलेलं जिलेटिन असेल तर माहितीपत्रकात स्पष्ट लिहा. रमजानमधल्या भेटी शक्यतो इफ्तारनंतर ठेवा. मधुमेही रोजेदारांवर अभ्यास असेल तर साखर फार खाली गेल्यास काय करायचं आणि कुणाला फोन करायचा, हे आराखड्यात हवं. रोजा सोडावा की नाही हे संशोधकाने ठरवू नये. वैद्यकीय धोका स्पष्ट सांगावा, निर्णय सहभागीने घ्यावा.

7 ते 18 वयाच्या मुलांसाठी पालकांच्या संमतीबरोबर मुलाचा स्वतःचा होकारही लागतो. आधार क्रमांक गरजेशिवाय मागू नका, कागदपत्रांची भीती बऱ्याच घरांत अजून ताजी आहे. मोहल्ल्याचं नाव छापायचं असेल तर तिथल्या लोकांना त्याचा त्रास होईल का, हे कमिटीसमोर मांडा. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी जरूर भरून द्या. फक्त रक्कम इतकी नको की पैशासाठीच कुणी हो म्हणेल.

कमिटीने त्रुटी काढल्या तर प्रत्येक मुद्द्याला लेखी उत्तर देऊन सुधारित संमतीपत्र आवृत्ती क्रमांक आणि तारखेसह पुन्हा सादर करा. वस्तीत न्यायची ती हीच मंजूर प्रत, आणि सही किंवा अंगठा झाला की एक प्रत सहभागीच्या हातात द्या.