मिठाची पुरचुंडी घरीच ठेवा

पावसाळा लागला की आंबोलीच्या एक दिवसाच्या जंगलभटकंतीच्या जाहिराती सुरू होतात आणि त्यांच्या मागोमाग ‘सोबत काय आणावे’ची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागते. टॉर्च, रेनकोट, सुका खाऊ, इथवर ठीक. पुढे हटकून येते ते जळवांसाठी मीठ, तंबाखू आणि चुना. यंदाच्या एका यादीत तर ‘जळू लागली तरी घाबरू नका, ती फक्त अशुद्ध रक्त पिते, आपले डिटॉक्सच होते’ असा दिलासाही होता. जळवेला समाजसेवेची एवढी हौस नाही!

आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. जळू त्वचेतून श्वास घेते आणि ती त्वचा सतत ओली लागते, म्हणून उन्हाळ्यात गायब असलेल्या जळवा पहिल्या सरींनंतर पाचोळ्यावर उभ्या दिसतात. मागच्या चूषकावर शरीर तोलून पुढचे टोक हवेत हलवत असतात. पावलांचा हादरा, अंगाची ऊब, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड, यांवरून त्यांना आपला पत्ता लागतो. अंगावर चढल्यावर मोज्याच्या इलॅस्टिकखालची किंवा बोटांच्या बेचक्यातली मऊ जागा शोधायची, तीन दातेरी जबड्यांनी कातडे चिरायचे आणि लाळ सोडायची. खरी गंमत या लाळेत आहे.

जखम झाली की रक्तात थ्रोम्बिन नावाचे विकर (एन्झाइम) तयार होते. फायब्रिनोजेन या प्रथिनाची टोके ते कापते. टोके गेली की उरलेले रेणू एकमेकांना चिकटून फायब्रिनचे जाळे विणले जाते आणि गुठळी धरते. जळवेला हे परवडणारे नाही, कारण तिला अर्धा-पाऊण तास पातळ रक्त हवे असते, आणि नंतर पोटातही ते गोठून चालत नाही.

जळवेच्या स्रावामुळे रक्त गोठत नाही, हे ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन हेक्राफ्टने 1884 मध्ये दाखवले. पाण्यातल्या औषधी जळवेच्या स्रावातला हा पदार्थ म्हणजे हिरुडिन, 65 अमिनो आम्लांचे छोटे प्रथिन. थ्रोम्बिनवर कापण्याची एक खाच असते आणि तिच्या दोन बाजूंना धनभारित असे दोन पट्टे. एका पट्ट्यावर फायब्रिनोजेन येऊन टेकते, दुसऱ्यावर हेपॅरिन हा रक्त गोठू न देणारा पदार्थ. हिरुडिनचे डोके खाचेत जाऊन बसते, कुलपात काडी मोडून ठेवावी तसे, आणि त्याची ऋणभारित शेपटी फायब्रिनोजेनच्या पट्ट्यावर आडवी पडते. म्हणजे हत्यारही बंद आणि माल ठेवायची जागाही बंद. एका रेणूला एक रेणू, आणि पकड इतकी घट्ट की सहजी सुटत नाही.

सह्याद्रीतल्या जमिनीवरच्या जळवा मात्र हीमाडिप्सा या वंशातल्या. याच वंशातल्या एका भारतीय जळवेपासून हीमाडिन हे थ्रोम्बिन रोखणारे प्रथिन वेगळे केल्याचे 1993 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात 57 अमिनो आम्ले आहेत. डोके त्याच खाचेत, पण शेपटी जाते विरुद्ध बाजूला, हेपॅरिनच्या पट्ट्यावर! काम तेच, बसायची तऱ्हा निराळी. मला हे दर वेळी नव्याने थक्क करते. हिरुडिनच्या नमुन्यावरून घडवलेले बायव्हॅलिरुडिन हे 20 अमिनो आम्लांचे औषध आज अँजिओप्लास्टीत वापरतात.

जळू गळून पडली तरी जखमेत हा ऐवज मागे राहतो, म्हणून रक्त तासभरही झिरपत राहते. पावसाच्या पाण्यात मिसळून ते आहे त्याहून फार जास्त दिसते. जखम धुऊन स्वच्छ कापड दाबून धरायचे, एवढेच.

आता ते ‘अशुद्ध रक्त’. शरीरातले पाचेक लिटर रक्त हृदय साधारण मिनिटभरात फिरवून आणते, त्यात शुद्ध-अशुद्धाचे वेगळे कप्पे नसतात. गाळण्याचे काम मूत्रपिंडे आणि यकृत करतात. तुटून पुन्हा जोडलेल्या बोटात रक्त तुंबले तर शल्यचिकित्सक जळवा लावतात हे खरे, अमेरिकेत 2004 पासून त्याला रीतसर मान्यताही आहे. पण तिथे जळवा खास पाळलेल्या असतात आणि रुग्णाला प्रतिजैविकेही देतात, कारण जळवांच्या आतड्यात जिवाणू असतात.

मिठाची अडचण इथेच आहे. चिकटलेल्या जळवेवर मीठ टाकले की पाणी ओढले जाऊन ती तडफडते आणि पोटातले जखमेत ओकू शकते. त्यापेक्षा तोंडाकडच्या निमुळत्या टोकाखाली नख सरकवून आधी ते सोडवा, मग मागचे. शिवाय सांडलेले मीठ जमिनीवर राहते, जिथे 2009 मध्ये प्रथम नोंदला गेलेला, मोजक्याच जागी सापडणारा आंबोली टोड हा बेडूक वावरतो. बेडकांची त्वचा पाणी, क्षार, रसायने सगळेच शोषते, तेव्हा डासांचे मलम चोपडलेल्या हातांनी त्यांना उचलू नका.

खरी तयारी म्हणजे घट्ट विणीचे, गुडघ्यापर्यंतचे लीच सॉक्स. पँट त्यांत खोचायची. वर गमबूट, कारण सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळ पठारावर, शेवाळ असते. फांदीवर हात ठेवण्याआधी टॉर्च मारा. तिथे मलबार चापडा हा विषारी साप बसलेला असू शकतो, आणि आपल्याकडची प्रतिविषे नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्या विषापासून बनवलेली असतात, चापड्याच्या नव्हे.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार) असेल, तर नाव नोंदवण्याआधी डॉक्टरांना विचारा आणि निघण्याआधी गाईडच्या कानावर घाला.